थुंकलेला घोट

“थुंकला! हा मुडदा माझ्यासमोर थुंकला!”

मळ्याची मालकीण ओरडली आणि कोरड्या विहिरीने ते वाक्य तिच्याकडून घेऊन चारी भिंतींना एकेकदा म्हणून दाखवलं. आम्ही त्या विहिरीच्या तळाशी उभे होतो. मालकिणीच्या हातात रिकामा ग्लास होता, माझ्या मेहुण्याच्या हनुवटीवरून लाल ओघळ चालला होता, आणि मालकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर, बरोब्बर काळजाच्या जागी, तळहाताएवढा लाल डाग पडला होता. वरून कुणी डोकावलं असतं तर त्याला वाटलं असतं, एक मुडदा पडला. तसा तो पडायला फार वेळ उरला नव्हता. पडला नाही तो केवळ विहिरीच्या पायऱ्या अरुंद होत्या आणि दोन माणसांना एका वेळी हात उगारायला जागा नव्हती म्हणून.

आता हे का झालं ते सांगतो. मी सांगतो ते सगळं खरं आहे. जिथं वाढवलंय तिथं वाचणाऱ्याच्या सोयीसाठी वाढवलंय.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा पाठचा भाऊ, साखर कारखान्यात चांगला चिकटलेला होता. तिथून कुणाच्या तरी नादाने तो नाशिककडे वाईनच्या दोन दिवसांच्या शिबिराला गेला आणि परत आला तो दुसरंच नाक घेऊन. चहाचा कप घेतला की आधी गोल फिरवायचा, मग नाक आत खुपसायचा, मग डोळे मिटायचा. घरी हदगावला सासूबाईंच्या आमटीला तो म्हणाला, हिच्यात ओल्या चामड्याची छटा आहे. सासूबाईंनी पळी फेकून मारली. पळी चुकली, पण तिच्यातली आमटी लागली. त्याने ओठ चाटले आणि छटा तीच आहे म्हणाला, तेव्हा पातेलंही आलं.

त्यानं नोकरी सोडली. शाळेची एक म्हातारी मिनीबस आणली आणि विष्णुपुरीला एका शेडमध्ये उभी करून तिची कॅम्परव्हॅन केली. आत चार पलंग, गॅसची शेगडी, हात धुवायला बेसिन, मागं चढायला शिडी, आणि टपावर शॉवरसाठी पाण्याची अशी काळी टाकी की तेवढ्या पाण्यात आमच्या गल्लीचं एक लग्न निभावलं असतं. बाहेरच्या अंगाला त्याने पेंटर लावून द्राक्षं खाणारे पोपट काढून घेतले. पोपट गरुडाएवढे झाले. तिथल्या इंजिनिअरिंगची पोरं बघायला यायची आणि हसून हसून शेडच्या पत्र्यावर डोकी आपटून घ्यायची.

मेहुण्याचं म्हणणं असं की नाशिकच्या मळ्यांत सगळं जग फिरतं, आपल्या नांदेड-लातूरच्या माणसाला आपल्याच मातीतल्या द्राक्षाची सहल कुणी घडवायची? मुद्दा बिनतोड होता. अडचण एवढीच की आमच्या दोन जिल्ह्यांत खायच्या द्राक्षांचे मळे पुष्कळ, पण घरी वाईन करून ठेवलेला मळा त्याला शोधून शोधून एकच सापडला होता, औशाच्या पुढं. तो नसेल तर सहलीत बघायला उरतं काय? चार पलंग आणि एक शेगडी.

सासरे बोलणारे गृहस्थ नव्हेत. दिवसाकाठी ते जेवढं बोलतात तेवढं मी जांभई देताना बोलतो. पण गाडी तयार झाली तेव्हा ते तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, “त्या मळेवाल्यानं हो म्हनलं तर गाडी तुझी. न्हाई म्हनला तर मी पलंग काढून फेकतो अन् सोयाबीनला लावतो.” आणि तो हो किंवा नाही स्वतःच्या कानानं ऐकायला ते पुढच्या सीटवर येऊन बसले. मागे मी आणि बायको. असे आम्ही चौघं निघालो. मेहुण्याचं सगळं नशीब त्या परक्या माणसाच्या जिभेवर होतं, आणि त्या माणसाने अजून आम्हाला पाहिलंही नव्हतं.

सहल म्हटल्यावर एकाच ठिकाणी कसं जायचं, म्हणून वाटेत खायच्या द्राक्षांचे दोन मळे धरले होते. पहिला देगलूरच्या बाजूला. फाटकात गाडी वळते न वळते तोच काचेवर दगड आला. मग दुसरा. मळ्यात मचाणावर एक राखणदार उभा होता आणि त्याच्या हातात गोफण होती. तो माणूस जन्मापासून पोपटांवर गोफण चालवत आलेला. त्याच्यासमोरून आमचे गरुडाएवढे पोपट द्राक्षं खात खात चाललेले. त्या हाताचा काय दोष? त्यानं एकेक पोपट असा टिपला की पत्र्यात वाटीएवढे पोचे पडले. शिव्या तेलुगूत सुरू व्हायच्या, कन्नडमध्ये वळण घ्यायच्या आणि मराठीत येऊन लागायच्या. मेहुणा खिडकीतून हात जोडून ओरडत होता की पोपट रंगवलेले आहेत. एक दगड त्याच्या जोडलेल्या हातांच्या मधून गेला आणि बेसिन फोडून थांबला. द्राक्षाचा एक मणीही न चाखता आम्ही तिथून निघालो.

दुसरा मळा उदगीरकडं. तिथला मालक भला माणूस, म्हणाला सावलीला लावा गाडी, बसा निवांत. सावली चिंचेची होती. मेहुण्याने गाडीला बाहेर ओढायचं एक कापडी छत बसवलं होतं. त्याचा लोखंडी दांडा त्यानं झोकात वर ढकलला, तो थेट आग्या मोहोळात. पुढचं लिहिताना अजून माझी पाठ शिवशिवते. माशा नव्हत्या त्या, पलटण होती. एक तुकडी पुढून आली, दुसरी शिडीवरून चढून मागून आत घुसली. सासरे डोक्यावरून टॉवेल ओढून मूर्तीसारखे बसून राहिले. टॉवेलला एक भोक होतं, ते माशांना सापडलं. बायको तवा घेऊन माशा मारत सुटली. माझ्या पाठीवर जिथं माशी होती तिथं तवा बसला, हे मी समजू शकतो. जिथं माशी नव्हती तिथंही बसला. संसाराचा जुना हिशेब होता बहुतेक.

लातुरात मेडिकलवाल्यानं मलम दिलं आणि विचारलं, चौघं सख्खी भावंडं का? इतके चेहरे एका साच्यातले झाले होते. सर्वांत वाईट अवस्था मेहुण्याची. त्याचे दोन्ही ओठ दहिवड्यासारखे फुगले होते. तो म्हणत होता, “दाजी, फाहा, फुढं शगळं फश्ट होईल.” मी बायकोला विचारलं, हा काय म्हणून राहिला? ती म्हणाली, जे रोज म्हणतो तेच.

औशापुढचा तो मळा मात्र चित्रासारखा होता. ताणलेल्या तारांवर मांडव, मांडवाखाली काळे घड. घरचे पाचही जण फाटकाशी उभे: मालक, मालकीण, मालकाचा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि मालकाची आई. आमची तोंडं बघून म्हातारीने पदर तोंडाला लावला, पण आतिथ्यात कमी नाही. पाय धुवायला पाणी आलं. लातूरच्या माणसानं पाय धुवायला पूर्ण बादली पुढं केली म्हणजे त्यानं काळीज काढून ठेवलं असं समजावं.

वाईन मालकिणीची होती. तिनंच द्राक्षं तुडवली, तिनंच गाळली, तिनंच मुरवली. गारव्याला जागा म्हणून पाणी आटलेली पायऱ्यांची विहीर निवडली आणि तिच्या तळाशी स्टीलच्या टाक्या आणि काचेच्या बरण्या मांडल्या. अजून घराबाहेरच्या कुणी ती चाखली नव्हती. घरचे चौघं तिला झ्याक म्हणायचे, पण घरचे काय, त्यांना तिच्याच हातचं जेवायचं असतं. त्यामुळं पहिला परका घोट बघायला सगळं घर आमच्यामागं विहिरीत उतरलं. म्हातारी तेवढी वरच्या पायरीवर बसली, गुडघ्यांमुळं.

“ही दारू न्हाई, बाई,” मालकीण माझ्या बायकोला समजावत होती. “रस हाय. नुस्ता रागाला आलेला.”

मेहुण्यानं ग्लास घेतला. उजेडाकडं धरला. फिरवला. नाक आत घातलं आणि इतका वेळ ठेवलं की धाकट्यानं मालकाला हळूच विचारलं, झोपला का? मग घोट घेतला. गालातल्या गालात खळखळवला. मालकाचा चेहरा असा फुलला होता की बारशालाही कुणाचा फुलत नाही. मालकीण पुढचा रिकामा ग्लास हातात घेऊन उभी होती.

आणि आता ती गोष्ट, जी मेहुण्याकडून कुणाला आधी सांगायची राहून गेली. शिबिरात त्याला शिकवलं होतं की चाखणाऱ्यानं घोट गिळायचा नाही, थुंकायचा. म्हणजे जीभ पुढच्या ग्लासाला कोरी राहते. त्यासाठी त्यानं पणजोबांचं निजामाच्या काळातलं पितळी उगालदान सोबत आणलं होतं आणि हदगावच्या अंगणात हातभर अंतरावरून बारीक धार मारायचा सराव केला होता. उगालदान त्यानं मालकाच्या पायाशी ठेवलं होतं. मालकाला वाटलं, भेट आणली.

आमच्याकडं कुणी हातानं दिलेलं गिळावंच लागतं. कडू असो, खारट असो, माशी पडलेली असो, गिळायचं, लई झ्याक म्हणायचं, आणि शिव्या द्यायच्या त्या घरी जाऊन. देणाऱ्यासमोर बाहेर काढणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. हे मेहुण्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. दोन दिवसांच्या शिबिरात ते पुसलं गेलं. त्यानं छाती भरली आणि धार मारली. सराव केला होता तो बारीक ओठांनी, आणि ह्या दिवशी तोंडावर होते दहिवडे. धार फुटली. निम्मी हनुवटीवर आली, निम्मी मालकाच्या काळजावर गेली. उगालदानात थेंब नाही.

मालकीण ओरडली ती वर सांगितलीच.

पहिला हात मालकानं उचलला असं तुम्हाला वाटेल. नाही. पहिला हात सासऱ्यांनी उचलला. ज्या माणसाला मी कधी डास मारताना पाहिलं नव्हतं, त्यानं पोटच्या पोराच्या कानाखाली अशी ठेवून दिली की मेहुण्याला एक बसली, पण विहिरीत आम्हाला तीन ऐकू आल्या. घराण्याची लाज गेली होती आणि ती भरून काढायची ही एकच पद्धत त्यांना ठाऊक होती. गोष्ट इथं मिटली असती. पण सासऱ्यांनी दुसऱ्यांदा हात उगारला आणि मालकानं तो वरच्या वर धरला.

“हात आवरा, पाव्हणं. आमच्या हितं पाव्हण्यावर हात टाकत न्हाईत.”

“माझा पोरगा हाय.”

“तुमच्या गावात. हितं आमचा पाव्हणा हाय.”

म्हणजे बघा, ज्याच्या सदऱ्यावर थुंकलं तोच थुंकणाऱ्याचा कैवारी. सासऱ्यांनी हात हिसडला, धाकट्यानं त्यांना मागं रेटलं, आणि बापाला रेटलेलं पाहून माझ्या बायकोनं उगालदान उचललं. ते धाकट्याच्या टाळक्यावर बसलं तेव्हा असा नाद निघाला की पंचक्रोशीतल्या पुजाऱ्यांनी आरती सुरू केली असावी. धाकट्याच्या कमरेला वेली छाटायची कात्री होती. ती त्यानं उपसली, आणि देवाची कृपा, तीत स्वतःचाच अंगठा धरला. रक्त वाईनमध्ये मिसळलं आणि पुढं कुणाचं काय सांडलं ते ओळखू येईना.

मग कुणाला धरबंद राहिला नाही. धाकट्याच्या बायकोनं माझ्या बायकोची वेणी धरली. माझ्या बायकोनं मालकिणीची धरली. अशी तिघींची एक साखळी झाली आणि ती पायऱ्या चढू लागली, दर पायरीला एक किंकाळी. मालक आणि सासरे एकमेकांच्या गळपट्टीला धरून, दोघंही “पाव्हणं, सोडा, पाव्हणं, सोडा” म्हणत एकमेकांना भिंतीवर आपटत होते. वरून म्हातारीनं आधी द्राक्षाचे घड टाकले, मग गोवऱ्या, मग गोवऱ्यांची पाटी. तिचा नेम देगलूरच्या राखणदाराच्या तोंडात मारील असा. एक गोवरी सासऱ्यांच्या सुजलेल्या डोळ्यावर फुटली आणि तो डोळा जो मिटला तो आठवडाभर उघडला नाही.

मी काय करत होतो? मी शौर्य गाजवत होतो. बायको म्हणते की मी एक भरलेली बरणी छातीशी धरून कोपऱ्यात उभा होतो. दोन्ही खरं आहे. वाईनची बरणी धरलेल्या माणसावर त्या घरातलं कुणी हात उचलणार नाही, हे मी ओळखलं होतं. म्हातारीनंही मला वगळून नेम धरला.

मेहुणा मात्र सगळ्यांच्या बगलांखालून निसटून वर पळाला आणि गाडीत जाऊन बसला. पळून जायचं नव्हतं त्याला, गाडी वाचवायची होती; एवढं झाल्यावर हो मिळणार नाही हे त्याला कळलं होतं, निदान पलंग तरी धड राहावेत. पण अंगठ्याला सदऱ्याची चिंधी गुंडाळून धाकटा मागच्या शिडीवर चढला आणि टपावरून पुढच्या काचेवर लाथा घालू लागला. मेहुण्यानं घाबरून गिअर टाकला. पडला तो रिव्हर्स. आम्ही बाकीचे, बरणीसकट मीही, वर येतो तोच गाडी मागं गेली ती थेट मांडवात.

मांडवाच्या तारा आधी कण्हल्या, मग तुटू लागल्या. प्रत्येक तार सापासारखी उसळून पत्र्यावर फटका मारत होती. खांब एकावर एक आडवे होत गेले. घड गाडीवर, धाकट्यावर, आमच्यावर गारांसारखे आदळले. गाडीच्या आतून शेगडी, पातेली, दोन पलंग आणि एक उशी खिडक्यांतून बाहेर आली. मालकानं खांबाचं एक लाकूड उचललं आणि गाडीच्या पोपटांवर, जे देगलूरला वाचले होते त्यांच्यावर, सूड घेऊ लागला. सासरे त्याला आवरायला धावले आणि आवरता आवरता स्वतःही दोन हाणून आले. का, ते त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही. शेवटी एक लोखंडी खांब टपावर कलंडला, धाकटा उडी मारून बाजूला झाला, आणि काळी टाकी मधोमध उकलली.

“पाणी चाललं,” म्हातारी म्हणाली.

ओरडली नाही. नुसतं म्हणाली. पण मी ऐकलेल्या सगळ्या हुकुमांत तो मोठा. मालकाच्या हातातलं लाकूड गळालं. वेण्या सुटल्या. गळपट्ट्या सुटल्या. ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन सगळे गाडीकडं धावले. बादल्या, घागरी, आमची फेकलेली पातेली, धाकट्याच्या टाळक्याचा ठसा असलेलं उगालदान. मालकीण आणि माझी बायको एकाच हंड्याला दोन बाजूंनी धरून धारेखाली उभ्या राहिल्या, आणि माझी बायको तिला सांगत होती, असा तिरपा धरा, बाई, असा, बाहेर जाऊन राहिलं. मी बरणी खाली ठेवून दोन ग्लास लावले. धाकट्यानं रक्ताळलेल्या अंगठ्यानं टाकीची चीर दाबून धरली आणि मेहुणा त्याच्या खांद्यावर उभा राहून वरची चीर. शेवटचा थेंब म्हातारीच्या तांब्यात पडेपर्यंत कुणी कुणाकडं वैराने पाहिलं नाही. तेवढी कुणाला फुरसतच नव्हती.

मग सगळे ओल्या मातीत बसले. गाडीकडं बघवत नव्हतं. ती मांडवात अशी अडकली होती की तिच्या खिडकीतून घड लोंबत होते आणि शिडीला वेल गुंडाळला होता. मांडवाकडंही बघवत नव्हतं. मालकिणीनं हळद आणली आणि आपली-त्यांची न बघता ज्याला खोक होती त्याला लावत गेली. मग ती मी जपलेल्या बरणीकडं गेली. एक ग्लास भरला आणि मेहुण्यापुढं धरला.

मेहुण्यानं फिरवला नाही. नाक घातलं नाही. दोन्ही हातांनी ग्लास धरून एका दमात रिकामा केला आणि गिळल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा गिळला. मालकिणीचा खालचा ओठ जरासा हलला. तेवढंच.

मग त्यानं कैफियत मांडली. सुजलेल्या ओठांनी, अडखळत. शिबिराचं सांगितलं, थुंकण्याचं सांगितलं, पोपटांचं आणि माशांचंही सांगितलं. मांडव स्वतः उभा करून देतो म्हणाला. सासरे एका डोळ्यानं मालकाच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं, आता हा शहाणा गप्प बसेल, माफी मागेल आणि आपण निघू. पण त्यानं विचारलंच.

“मालक, आमी शहलीची मान्शं आनू का हितं?”

मालकानं सदऱ्यावरचा डाग नखानं खरवडून पाहिला. मग आपल्या भावाकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, भावजयीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. नजर एकेकाच्या मनगटांवरून सावकाश फिरली, जशी बैल विकत घेताना फिरते.

“आना की,” तो म्हणाला. “पर एका खेपंला चारच आना. आमी घरचे पाचच हाव.”